नाताळची एवढी घाई का?

प्रश्न : लेकीकडे न्यू जर्सीला आलेय. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाचे भोपळे अजून दुकानात आहेत आणि शेजारीच नाताळची झाडं! एवढी घाई कशासाठी?

उत्तर : ताई, ही घाई जुनीच. पूर्वी तिथले दुकानदार थँक्सगिव्हिंगनंतरच, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी येणाऱ्या आभार मानायच्या सणानंतरच, नाताळच्या जाहिराती सुरू करत. १९३९ साली तो सण ३० नोव्हेंबरला येत होता. विक्रीचे दिवस कमी पडतील म्हणून व्यापाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना गळ घातली आणि त्यांनी सण चक्क आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला! बऱ्याच राज्यांनी ऐकलं नाही. शेवटी १९४१ मध्ये कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरला. सणाने दुकानाच्या सोयीने सरकावं, हे मला मुळीच पटत नाही. तुम्ही घाई करू नका. दिवे, सजावट २६ डिसेंबरनंतर घ्या. भाव हमखास उतरतात. मी तिथे असताना तेव्हाच घ्यायचे.