टाकी पुन्हा भरताय? मासे सगळ्यांत शेवटी

बदलीमुळे आमची तीन फुटी टाकी दोन वर्षं रिकामी पडून होती. आता पुन्हा सुरू करायची आहे आणि या वेळी फक्त आपल्याकडच्या पाणवनस्पती लावायच्या आहेत. जुनी वाळू आणि फिल्टर चालेल का? मासे कधी सोडू? (कोथरूड, पुणे)

आधी टाकी गळते का ते बघा. इतके दिवस कोरड्या राहिलेल्या टाकीचं सिलिकॉन कोपऱ्यात सुटलेलं असू शकतं. खाली वर्तमानपत्रं पसरा, टाकी भरा आणि दोन दिवस तशीच ठेवा. तीन फुटी टाकीत साधारण १५० लिटर पाणी मावतं, म्हणून हा प्रयोग दिवाणखान्यात न करता गॅलरीत किंवा मोरीजवळ करा. (मी एकदा दिवाणखान्यात केला होता. खालच्या मजल्यावरचे शेजारी अजून आठवण काढतात.) काचेवरचे क्षाराचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. साबण मात्र लावू नका.

वाळू धुऊन, उन्हात वाळवून वापरा. फिल्टरही चालेल, पण त्यातले जिवाणू कधीच मेलेत. त्यामुळे टाकी जुनी असली तरी पाण्याच्या दृष्टीने ती नवीनच आहे. माशांच्या उत्सर्जनातून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पुन्हा वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक असतात. इथे वनस्पती कामाला येतात, कारण त्या अमोनिया थेट शोषून घेतात. म्हणून पहिल्याच दिवशी निम्मी टाकी भराभर वाढणाऱ्या वनस्पतींनी भरून टाका: हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम. दुकानात या तिघींना कोणी विचारत नाही आणि दिसायलाही त्या साध्याच आहेत, पण पहिल्या दोन महिन्यांत टाकी त्याच सांभाळतात. पाणी स्थिरावलं की त्यांतली निम्मी काढा आणि त्या जागी अंबुली, ब्राह्मी, रोटाला लावा.

तळाला बागेतली लाल माती चालते, फक्त तिच्यात शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेलं नसावं. नाहीतर अमोनियाचा लोंढा येईल. माती चाळा, बादलीत चार-पाच वेळा भिजवून वरचं गढूळ पाणी ओतून द्या, मग एक इंच थर पसरा आणि वर दीड-दोन इंच वाळू घाला. कोकणातून कोणी येणार असेल तर मूठभर जांभ्याची माती मागवा. तिच्यात लोह भरपूर असतं, आणि क्रिप्टोकोरीन, लॅजेनांड्रा यांसारख्या मुळांवाटे खाणाऱ्या वनस्पतींना ते लागतं.

नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवा किंवा अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घाला. दिवा पहिला महिना रोज सहाच तास लावा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य दिसले की पाच-सहा लहान मासे सोडा. बाकीचे दोन आठवड्यांनी.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. हायड्रिला फोफावते, पण रोटाला महिन्याभरात खुरटतं. खत वाढवू का? (लातूर)

नको, शेवाळ वाढेल. बोअरचं पाणी बहुधा कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं आणि अशा पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि सेरॅटोफायलम त्यातून कार्बन मिळवू शकतात. रोटालाची भिस्त मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवर असते आणि तुमच्या पाण्यात तोच कमी पडतो. पाऊस सुरू झाल्यावर पहिले काही दिवस गच्चीवरची धूळ वाहून जाऊ द्या, मग पाणी साठवा आणि बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. बदल मात्र महिनाभरात हळूहळू करा. टाकीतले दगडही तपासा: व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर दगड फसफसला तर तो पाणी आणखी कठीण करतोय. आपला काळा बसाल्ट सहसा फसफसत नाही.

कासच्या पठारावर वायतुरा पाहिला. त्याचा एखादा कंद आणून लावता येईल का? (सातारा)

नाही. वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, फक्त सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या मोजक्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) उगवतो. पावसाळ्यात पाणी साचलं की तो वर येतो आणि उन्हाळाभर त्याचा कंद कोरड्या मातीत झोपून राहतो. बाराही महिने पाणी असलेल्या टाकीत त्याला ती झोप कुठून देणार? शिवाय कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे आणि तिथून झाड उपटणं गुन्हा आहे. अपोनोजेटॉनच हवा असेल तर त्याची क्रिस्पस ही जात घ्या. रोपवाटिकेत वाढवलेला कंद मिळतो आणि तो टाकीत रुळतो.

क्रिप्टोकोरीन लावून दहा दिवस झाले. पानं काचेसारखी पारदर्शक होऊन वितळली. उपटून टाकू? (ठाणे)

हात लावू नका. याला आपण मंडळी ‘मेल्ट’ म्हणतो. पाणी, प्रकाश किंवा जागा बदलली की क्रिप्टोकोरीन जुनी पानं टाकते. सडलेली पानं कापून काढा, मुळं आहेत तशी राहू द्या. तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतील. आपल्या कोकणातल्या नद्यांमध्ये वाढणाऱ्या क्रिप्टोकोरीनला पावसाळ्यातला लोंढा आणि उन्हाळ्यातलं उघडं पात्र दोन्ही सोसावं लागतं, तेव्हा पानं टाकून गड्ड्यावर तग धरणं तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. दर आठवड्याला उचलून जागा बदललीत तर मात्र खरंच मरेल.

मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. दिवसा ठीक असतात. एवढ्या वनस्पती असूनही असं का? (नागपूर)

वनस्पती आहेत म्हणूनच. अंधारात त्या प्राणवायू सोडत नाहीत, उलट माशांसारख्याच वापरतात. त्यातच पाणी तापलेलं. २५ अंशांना लिटरभर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहतो, ३२ अंशांना ७ च्या आसपास. रात्री दिवा बंद केल्यापासून सकाळपर्यंत एअर पंप चालू ठेवा. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडा. पाणी उडून जाताना दोन-तीन अंश उतरतात (नागपूरची हवा कोरडी, तिथे हे छान जमतं). कमी झालेलं पाणी भरताना बोअरचं भरू नका, क्षार साचत जातात. तेवढ्यापुरतं आरओचं चालेल.

हायड्रिला इतकी वाढते की दर महिन्याला बादलीभर काढावी लागते. जवळच्या नाल्यात टाकली तर चालेल ना, आपलीच वनस्पती आहे? (डोंबिवली)

वनस्पती आपली असेल, पण तिच्याबरोबर तुमच्या टाकीतल्या गोगलगाई, त्यांची अंडी आणि दुकानातून आलेल्या परदेशी वनस्पतींचे तुकडेही जातात. जलपर्णी परकीयच, आणि आज आपल्या नद्या तिने झाकल्या आहेत. काढलेली हायड्रिला गच्चीवर तीन-चार दिवस कडक वाळू द्या आणि कुंड्यांत घाला. कढीपत्त्याला चांगली मानवते.