डि'सूझा आडनाव टाकलं की आमची बुकिंग साइट एरर देते. हे गंभीर आहे का?

हो, गंभीर आहे. तुम्ही लिहिलंय की तारकर्लीच्या तुमच्या होमस्टेच्या साइटवर वसईचे एक डि'सूझा बुकिंग करायला गेले आणि 'यू हॅव ॲन एरर इन युवर एसक्यूएल सिंटॅक्स' असं काहीतरी आलं. साइट बनवणारा मुलगा म्हणतो, 'त्यांना मधलं चिन्ह न देता आडनाव लिहायला सांगा.' पाहुण्याला आडनाव बदलायला लावण्यापेक्षा त्या मुलाला कोड बदलायला लावा. डि'सूझांनी नकळत तुमच्यावर उपकारच केलेत.

समजा, तुम्ही वॉचमनसाठी चिठ्ठी लिहून ठेवली, 'खोलीची चावी यांना दे: ____', आणि मोकळी जागा पाहुण्यालाच भरायला दिली. बहुतेक जण 'पाटील' लिहितील. एखादा लिहील, 'पाटील. तिजोरीचीही दे.' वॉचमनला अक्षरातला फरक कळत नाही, त्याच्या लेखी सगळी चिठ्ठी मालकाची. तुमचा डेटाबेस म्हणजे हा वॉचमन. नाव कुठे संपलं हे तो सिंगल कोटवरून ओळखतो. डि'सूझांच्या आडनावातला कोट दिसताच त्याला वाटलं नाव संपलं, पुढचं 'सूझा' तो हुकूम म्हणून वाचायला गेला आणि अडखळला. ज्याला डेटाबेसच्या हुकमांची भाषा, म्हणजे एसक्यूएल, येते तो 'सूझा'च्या जागी खरोखरचा हुकूम लिहील. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच.

हे पाप मीही केलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाच्या तारखा नोंदवण्यासाठी साइट केली होती. नावातले सगळे कोट मी पुसून टाकायचो आणि स्वतःवर खूश होतो. पण पावतीचा नंबर पानाच्या पत्त्यातच होता, आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, नंबराला कोट लागत नाहीत. एका सहकाऱ्याने १०४३ च्या जागी '१०४३-१' टाइप केलं आणि १०४२ ची पावती उघडली. पत्त्यात लिहिलेली वजाबाकी माझा डेटाबेस निमूटपणे करत होता! तुमच्या साइटवर हे करून बघा. मात्र पावती उघडली नाही म्हणून सुटलो असं समजू नका. आणि दुसऱ्याच्या साइटवर ही उठाठेव नको, आयटी कायद्याची कलमं ४३ आणि ६६ त्यासाठीच आहेत. (नुसतं १०४२ चं १०४१ केल्यावर परक्याची पावती दिसत असेल तर ते वेगळं भोक. तेही बुजवायला सांगा.)

खरा इलाज म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. हुकूम आधी ठरतो, पाहुण्याने भरलेलं त्याच्यापासून वेगळं जातं. मग 'पाटील. तिजोरीचीही दे.' या लांबलचक नावाचा कुणी पाहुणा आहे का, एवढंच वॉचमन शोधतो. साइट पीएचपी या भाषेत लिहिलेली असेल तर तिच्यातल्याच पीडीओ या डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीने हे होतं. क्वेरीच्या मजकुरात व्हेरिएबल टिंबाने चिकटवलेलं दिसेल ती प्रत्येक जागा बदलायची. 'मायएसक्यूएल_' ने सुरू होणारी जुनी फंक्शनं सापडली तर कोड फारच शिळा आहे, २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये ती काढूनच टाकली. एक जागा हमखास निसटते: 'खोल्या दराप्रमाणे लावा' ही सोय. तिथे क्वेरीत कॉलमचं, म्हणजे तक्त्यातल्या रकान्याचं, नाव जातं. ते प्रिपेअर्ड स्टेटमेंटने पाठवता येत नाही, तिथे चालतील त्या नावांची यादी कोडातच ठेवायची.

साइट डेटाबेसला 'रूट' म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, जोडलेली असेल तर तेही बदला. एरर पाहुण्यांना दिसू देऊ नका, पण तेवढ्याने भोक बुजत नाही, फक्त हल्लेखोराला अंधारात चाचपडावं लागतं.

'पाच खोल्यांच्या होमस्टेकडे कोण बघणार' असं म्हणू नका, बघणारी माणसं नसतात, प्रोग्राम असतात. ब्रिटनच्या टॉकटॉक या फोन-इंटरनेट कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती २०१५ मध्ये अशाच भोकातून गेली. भोक असलेली पानं होती टॉकटॉकने आधी विकत घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीची, जुनी. दंड झाला ४ लाख पौंड. तेव्हा सर्व्हरवर जुन्या दिवाळी ऑफरची वगैरे पानं पडून असतील तर ती आधी उडवा. पाहुण्यांच्या आधारचे फोटो साइटवर असतील तर ते आजच तिथून हलवा.

होस्टिंगवाल्याकडून ॲक्सेस लॉग (साइटवर कुठून, कोणतं पान मागितलं गेलं याची नोंद) मागवा आणि त्यात 'युनियन', 'सिलेक्ट', 'स्लीप' हे शब्द शोधा. फॉर्ममधून आलेला मजकूर मात्र त्यात सहसा नसतो. चोरी झाल्याचं दिसलं तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला ६ तासांत कळवायचं असतं.

काम झालं की डि'सूझा नावाने स्वतः एक बुकिंग करा. पावतीवर आडनाव चिन्हासकट, जसंच्या तसं आलं पाहिजे. 'डिसूझा' आलं, किंवा मध्ये तिरकी रेघ घुसली, तर पोराने पुन्हा पुसापुशीच केलीय.