अर्धी जमीन काळी, अर्धी मुरमाड. एकाच ठिबकवर दोन्हींना पाणी कसं द्यावं?

तुम्ही लिहिलंय की एकरभर उसाला तिसऱ्या दिवशी साडेचार तास ठिबक चालतं, मुरमाडातला ऊस माना टाकतो आणि तास वाढवले की काळीत चिखल होतो. माझं उत्तर: तास वाढवू नका, मुरमाडाची पाळी जवळ आणा.

आधी दोष नळीचा नाही ना, ते बघा. तासाला २.४ लिटरचा ड्रिपर (नळीतलं थेंब सोडणारं तोंड) मिनिटाला ४० मिली देतो. दोन्ही भागांत ड्रिपरखाली खड्डा करून वाटी ठेवा; तीन मिनिटांत १२० मिलीच्या आसपास पाणी यायला हवं. पाणी नळीवरून ओघळतं, म्हणून ड्रिपरला लागून सुतळी बांधा. मुरमाडाकडे शंभराच्या खाली आलं तर एंड कॅप (नळीच्या टोकाचं झाकण) उघडून नळ्या धुवा, फिल्टर साफ करा. बाकीचं नंतर.

आता हिशोब. पाच फुटी सरी (१.५ मीटर), ४० सेंमीवर ड्रिपर, म्हणजे तासाला ४ मिमी पाणी. उन्हाळ्यात मोठ्या उसाला रोज साधारण ६ मिमी धरा. तीन दिवसांचे १८ मिमी तुम्ही एकदम देता. काळी जमीन दोन फूट खोल असेल तर ते सहज धरून ठेवते. मुरमाडात माती फूटभरच असेल, तर पिकाला ताण न बसता वापरता येण्याजोगं पाणी जेमतेम १२-१४ मिमी मावतं. वरचं खाली झिरपतं, युरियाही सोबत जातो. म्हणून मुरमाडाला रोज दीड तास, काळीला तिसऱ्या दिवशी साडेचार तास. एकूण पाणी तेवढंच! दोन्ही पाळ्या एका दिवशी आल्या तरी सहा तास होतात, आठ तासांच्या लाइटीत बसतात. खत मात्र मुरमाडात थोडं थोडं, जास्त हप्त्यांत सोडा.

हद्द ठरवायला दर वीस पावलांवर पहार ठोकून मुरूम किती खोलीवर लागतो ते लिहून ठेवा. हद्द वाकडीतिकडी निघाली तरी व्हॉल्व्हसाठी सरळ रेषाच धरा. लॅटरल (ड्रिपरच्या नळ्या) दोन्ही जमिनींतून जात असतील तर हद्दीवर तोडून एंड कॅप लावा आणि पलीकडच्या तुकड्याला वेगळी सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारा पाइप), वेगळा बॉल व्हॉल्व्ह द्या. नुसता चिमटा मारून लॅटरल बंद करण्यात अर्थ नाही, रोज कोण मारणार?

इथेच बहुतेकांचं फसतं: एकरी १६,००० लिटर तासाला जाणारं पाणी अर्ध्या एकरात ८,००० वर येतं, दाब चढतो आणि ग्रोमेट (लॅटरल सबमेनला जोडणाऱ्या रबरी रिंगा) निसटतात. पंपाजवळ बायपास ठेवा, जास्तीचं पाणी विहिरीत सोडा आणि सबमेनवर दाबाचं गेज १ किलोच्या (दर चौरस सेंमी) आसपास राहील इतकाच तो उघडा.