आर१५ वर व्हीली शिकायची असेल, तर आधी उजवा पाय तयार करा

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: यामाहा आर१५ वर व्हीली (पुढचे चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणे) जमते का, ती शिकायला किती दिवस लागतात आणि धुळ्याच्या बायपासवर पहाटे सराव केला तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे म्हणून आधी देतो. बायपासवर सराव करू नका. पहाटे चारला तो रस्ता रिकामा वाटतो, पण केळीच्या गाड्या रात्रभर चालूच असतात, आणि पुढचे चाक वर गेले की आपल्या गाडीचा हेडलाइटही आभाळाकडे जातो, त्यामुळे मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली समोर असली तरी दिसत नाही. कायद्याचा भाग वेगळाच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ प्रमाणे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आणि ज्या जागी लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिकच ठरते, त्यामुळे येण्या-जाण्याला मोकळे असलेले मैदान ही पळवाट होत नाही. कुंपण असलेली, खाजगी मालकीची, पक्क्या जमिनीची जागा मालकाच्या परवानगीने मिळत असेल, तरच पुढचे वाचा.

मला अशी जागा मिळाली ती मामांमुळे. अमळनेरजवळ त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचे कापसाचे जिनिंग होते. हंगामात ज्या सिमेंटच्या अंगणात कापसाचे ढीग लागतात, ते अंगण उन्हाळ्यात ओस पडलेले असते आणि लांबीला शंभर-सव्वाशे मीटर सहज भरते. अट एकच होती, की आधी झाडून घ्यायचे. त्या वेळी मला ती अट म्हणजे फुकटची हमाली वाटली होती, पण सिमेंटवर विखुरलेल्या सरकीवरून मागचे चाक एकदा सरकले, तेव्हापासून मी रोज अंगण स्वतःहून दोनदा झाडू लागलो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा सराव पावणेसहा ते साडेसात एवढाच. त्यानंतर हेल्मेटच्या आत माणूस विचार करण्याच्या स्थितीत राहत नाही.

हे साल २०१३ चे. माझ्याकडे ड्यूक २०० होती आणि बारा-पंधरा दिवसांत पुढचे चाक दीड-दोन फूट उचलता येऊ लागल्यामुळे आपल्याला विद्या प्राप्त झाली असा माझा समज झाला होता. एका सकाळी चाक नेहमीपेक्षा जास्त वर गेले. मला ते कळलेही होते, पण घाबरल्यामुळे शरीर मागे गेले, शरीराबरोबर उजवे मनगट मागे वळले आणि रेस कमी होण्याऐवजी वाढली. उजवा पाय ब्रेककडे गेला खरा, पण पेडल फूटरेस्टच्या मानाने बरेच खाली होते, आणि बुटाचा पुढचा भाग हवेतच चाचपडत राहिला. गाडी माझ्या हातांतून निघून उलटी झाली, मी बुडावर आपटलो, माकडहाडाला चीर गेली आणि पुढचे दीड महिने मी मधे भोक असलेल्या उशीवर बसून काढले. घरी आधी ‘घसरलो’ एवढेच सांगितले होते. ती उशी आल्यावर खरे सांगावे लागले.

वाकलेले हँडल सरळ करताना आमच्या गावच्या मिस्तरींनी जे सांगितले, ते मी आजवर ऐकलेले या विषयावरचे सर्वांत उपयोगाचे वाक्य आहे: ‘‘पहिले पाय शिक, मंग हात शिकजो.’’ असे म्हणून त्यांनी पान्याने ब्रेकचे पेडल वर घेतले, मला बूट घालून गाडीवर बसायला लावले, आणि फूटरेस्टवर पाय सपाट ठेवल्यावर पेडल न दाबता बुटाच्या तळव्याला नुसते टेकेपर्यंत ते तीन वेळा कमी-जास्त केले. आपणही सरावाची सुरुवात याच कामापासून करावी, आणि तेही सरावात जे बूट घालणार ते पायात घालूनच.

पाय आधी का, याचे कारण समजून घ्या. पुढचे चाक वर जाताना एक कोन असा येतो की गाडीचे आणि आपले एकत्र वजन बरोबर मागच्या चाकाच्या टेकणीवर येते. याला तोलबिंदू म्हणू. त्याच्या अलीकडे असाल तर रेस कमी करताच वजनच चाकाला खाली आणते. त्याच्या पलीकडे गेलात, की तेच वजन गाडीला मागे पाडू लागते आणि रेस पूर्ण बंद केली तरी भरवसा राहत नाही. तिथे उपयोगी पडतो तो मागचा ब्रेक. तो लावला की चाक रोखले जाते, पण वरचे वजन पुढे जात राहते, आणि त्या ओढीने पुढचे चाक खाली येते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे दोन पायांवर उभे राहिलेले आपण पाहिले असतील. घोड्याला स्वतःलाही पडायचे नसते, म्हणून तो वेळेवर खाली येतो; गाडीला तशी काही काळजी नसते.

म्हणून पहिला आठवडा चाक उचलायचेच नाही. पहिल्या गिअरमध्ये पंधरा-वीसच्या वेगाने सरळ जात राहावे, रेस द्यावी, लगेच मागचा ब्रेक हलका दाबावा आणि त्याच क्षणी रेस सोडावी. हे दिवसातून शंभर वेळा केले तरी जास्त नाही. दिसायला हा प्रकार इतका निरर्थक आहे की बघायला आलेले मित्र दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत, आणि तेही एका अर्थी बरेच असते. फक्त एक जण, ज्याला चारचाकी चालवता येते असा, गाडीसह रोज हजर असावा. आयएसआय खुणेचे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, पाठीचा गार्ड, हातमोजे, गुडघ्यांचे गार्ड आणि घोट्याच्या वर येणारे बूट यांबद्दल वाद नको.

आता आपल्या गाडीबद्दल. आर१५ चे १५५ सीसीचे इंजिन नुसत्या रेसवर पुढचे चाक उचलण्याइतके जोरकस नाही. पुढचे चाक जमिनीवरून सुटण्यासाठी जी झेप लागते, ती मोठ्या गाड्या सरळ इंजिनातून देतात; लहान गाडीवर आधी इंजिन फिरवून ठेवायचे आणि तो साठलेला वेग क्लचने एकदम चाकाला द्यायचा, हाच मार्ग उरतो. २०२१ नंतरच्या आर१५ मध्ये या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साडेसात हजार आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) मिळतो, म्हणून झटका त्याच्या आसपास द्यावा लागतो. पहिल्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने जाताना दोन बोटांनी क्लच जेमतेम सुटेल इतकाच ओढायचा, रेस वाढवायची आणि क्लच सोडून द्यायचा. हे सगळे एका श्वासात होते. क्लच पूर्ण दाबण्याची गरज नसते. पहिल्या दिवसांत कमी आरपीएमवर करा, चाक वीतभर उचलले तरी पुरे. हँडल ओढून चाक वर घेण्याचा मोह होईल, पण ओढताना एक हात नेहमीच जास्त जोर लावतो आणि गाडी वरच्या वर तिरकी होते. हात सैल, गुडघे टाकीला घट्ट, बूड सीटवर किंचित मागे आणि नजर अंगणाच्या टोकाच्या भिंतीवर ठेवावी.

चाक खाली आणतानाही घाई नको. रेस एकदम बंद केली तर पुढचे चाक आदळते आणि फोर्कची ऑइल सील गळू लागते, म्हणून थोडी रेस ठेवूनच ते उतरू द्यावे. हँडल सरळ असले पाहिजे, आणि चाक हवेत असताना पुढच्या ब्रेकला बोटही लावू नये, कारण थांबलेले चाक जमिनीला टेकले की ते घसरणारच. आपली आर१५ २०२१ नंतरची असून तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा) असेल, तर ते सरावापुरते बंद करावे. मागचे चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरताना दिसले की ते चाक घसरले असे समजून ताकद तोडते, आणि वर गेलेले चाक धाडकन खाली येते. रस्त्यावर परत निघताना मात्र आठवणीने चालू करावे.

खर्चाची कल्पना असू द्या. क्लच प्लेटा सर्वांत आधी जातात, मग चेन-स्प्रॉकेट, मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग. कोनसेट तपासायला गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी ठेवावे आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. मधोमध एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडकले, तर कोनसेट गेला असे समजावे. आर१५ ला मधला स्टँड नाही, तेव्हा मिस्तरीकडे पुढचे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर हे काम करून घ्यावे. ऑइल वरच्या खुणेपर्यंत असावे, कारण चाक बराच वेळ वर राहिले की ऑइल मागे सरकते आणि पंप हवा ओढू शकतो. अशा वापराने झालेली मोडतोड वॉरंटीत बसत नाही, आणि विम्याचा दावाही अडकतो, हे गृहीत धरूनच पैसे बाजूला ठेवावेत.

राहिला प्रश्न दिवसांचा. पडल्यानंतर मी पुन्हा सुरुवात केली ती मिस्तरींच्या पद्धतीने, आणि अंगणात खडूने ओढलेल्या दोन रेघांमधले दहा मीटर अंतर चाक खाली न टेकवता पार करायला मला सात आठवडे लागले. त्यांतले पहिले तीन नुसते पायाचे होते. चौथ्या आठवड्यात एकदा चाक अपेक्षेपेक्षा बरेच वर गेले, आणि मला कळायच्या आधीच उजव्या पायाने पेडल दाबून ते खाली आणलेले होते.