जिमी मर्फी यांना ‘दुय्यम’ म्हणण्यापूर्वी

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. वेल्सचे माजी फुटबॉलपटू जिमी मर्फी यांनी प्रशिक्षक म्हणून इतके मोठे काम केले, तरी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबमध्ये ते शेवटपर्यंत व्यवस्थापक मॅट बझ्बी यांचे सहायकच का राहिले, हा पहिला. आणि तुम्हाला एका अकादमीने सहायक प्रशिक्षकाची जागा देऊ केली आहे, ती घेतली तर कारकीर्द तिथेच खुंटेल का, हा दुसरा. दोन्ही भागांमागे एकच समजूत दिसते: मुख्य पद मिळाले नाही म्हणजे माणूस मागे पडला. ही समजूत मला मान्य नाही. माझ्या घरातही गेली कित्येक वर्षे ती मला ऐकवली जात असल्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल.

मर्फी यांचा जन्म 1910 सालचा, ऱ्होंडा खोऱ्यातल्या पेंट्रे या खाणवस्तीतला. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून ते दहा-अकरा वर्षे हाफबॅक म्हणून खेळले, वेल्ससाठी 15 सामन्यांत उतरले आणि 1935 च्या एफए कप या इंग्लंडच्या चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेफील्ड वेन्सडेकडून 4-2 असे हरलेल्या संघात होते. खेळाडू म्हणून एवढेच सांगण्यासारखे आहे. पुढचे सारे युद्धाने घडवले. 1945 मध्ये इटलीतील बारी येथे ते सैनिकांसमोर फुटबॉलविषयी बोलत असताना बझ्बी यांनी त्यांना ऐकले आणि युनायटेडची सूत्रे हाती घेणार असल्यामुळे तिथेच त्यांना आपल्याबरोबर येण्यास सांगितले. बझ्बी यांनी कोणताही खेळाडू घेण्याआधी हा माणूस घेतला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डंकन एडवर्ड्स, बॉबी चार्लटन, एडी कोलमन यांची जी पिढी पुढे ‘बझ्बी बेब्स’ म्हणून ओळखली गेली, तिच्यावर दररोज मैदानात मेहनत घेतली ती मर्फी यांनी. 1953 ते 1957 अशी सलग पाच वर्षे युनायटेडने एफए युवा चषक जिंकला, तो याच मेहनतीतून. आपल्यावर सर्वाधिक प्रभाव कोणाचा, असे विचारल्यावर चार्लटन मर्फी यांचेच नाव घेत, आणि सरावात ते मागून येऊन पोटऱ्यांवर कशा लाथा घालीत हेही सांगत.

1956 पासून ते वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही व्यवस्थापक होते. म्हणजे ‘मुख्य’ पद त्यांनी कधी घेतलेच नाही, हेही खरे नाही. 5 फेब्रुवारी 1958 रोजी युनायटेडचा संघ युरोपीय चषकात बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी 3-3 अशी बरोबरी साधत होता, तेव्हा मर्फी कार्डिफमध्ये होते, कारण विश्वचषक पात्रतेसाठी वेल्स त्याच दिवशी इस्राएलशी खेळत होता. विमानात बझ्बींच्या शेजारची जी जागा एरवी मर्फी यांची असे, तिच्यावर या वेळी बर्ट व्हॅली बसले होते. दुसऱ्या दिवशी म्युनिकला विमान कोसळले. एकूण 23 जण गेले. त्यांत आठ खेळाडू होते आणि व्हॅलीही होते. मर्फी ओल्ड ट्रॅफर्डवर परतले, तेव्हा कचेरीतल्या सचिव बाईंकडून त्यांना ही बातमी कळली. ते म्युनिकला गेले, रुग्णालयात बझ्बींना भेटले आणि परत येऊन त्यांनी संघ उभा केला.

हे ‘उभा केला’ दोन शब्दांत संपते, पण प्रत्यक्षात काय करावे लागले ते पाहा. ब्लॅकपूलहून अर्नी टेलर आणले. अ‍ॅस्टन व्हिलाच्या स्टॅन क्राउदर यांची सही सामना सुरू होण्याच्या जेमतेम तासभर आधी झाली. ते त्या हंगामात व्हिलाकडून एफए कपमध्ये खेळून झाले होते आणि एकाच हंगामात दोन संघांकडून चषक खेळता येत नसे, त्यामुळे त्यांच्यासाठी नियमातून सूट घ्यावी लागली. 19 फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेविरुद्धच्या चषकाच्या सामन्याच्या पत्रिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्या होत्या. त्या रात्री संघ 3-0 असा जिंकला आणि त्यातले दोन गोल शे ब्रेनन या नवख्या मुलाने केले. हाच संघ मे महिन्यात वेम्बलीवर चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे बोल्टनने त्यांना 2-0 असे हरवले. त्यानंतर पाच-सहा दिवसांत युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीत त्यांनी एसी मिलानला घरच्या मैदानावर 2-1 ने हरवले. परतीच्या सामन्यात मात्र 4-0 असा मार खाल्ला.

आणि त्याच जूनमध्ये मर्फी वेल्सला घेऊन विश्वचषकासाठी स्वीडनला होते. तीन सामने बरोबरीत सुटले, मग 17 जूनच्या निर्णायक सामन्यात हंगेरीला 2-1 असे हरवले आणि दोनच दिवसांनी गोथेनबर्गला ब्राझील समोर आला. हंगेरीच्या बचावपटूंनी वेल्सचे मुख्य खेळाडू जॉन चार्ल्स यांना इतके तुडवले होते की ब्राझीलविरुद्ध ते उभेही राहू शकत नव्हते. तरीही ब्राझीलला एकच गोल करता आला, 17 वर्षांच्या पेलेचा. वेल्सला पुढचा विश्वचषक पाहायला 2022 साल उजाडले.

आता माझी गोष्ट. मी कोल्हापूरचा. पेठेपेठेचा संघ असलेल्या या शहरात फुटबॉल म्हणजे काय, हे मी कोणाला समजावून सांगणार नाही. एका शाळेच्या संघाचा मी सहायक प्रशिक्षक होतो. मुख्य प्रशिक्षक हे एकेकाळचे नावाजलेले खेळाडू. मुले त्यांना ‘सर’ म्हणत आणि मला ‘दादा’. सर दुपारी येत, सामन्याची आखणी करीत. पहाटेचा सराव माझ्याकडे असे. आमचा एक डावा बचावपटू उजव्या पायाने चेंडूला हातच लावत नसे, म्हणजे पायच लावत नसे म्हणा. सराव संपल्यावर मी त्याला शाळेच्या मागच्या भिंतीसमोर उभा करी आणि उजव्या पायाने मारलेला चेंडू भिंतीवरून परत आला की पुन्हा उजव्यानेच अडवायला लावी. तो वैतागून रडायचा. त्याची आई एकदा भांडायलाही आली होती.

आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सरांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच रात्री वयाच्या दाखल्यावर आक्षेप येऊन आमचे दोन मोठे खेळाडू बाद झाले. मी आठवीतली दोन पोरे घेतली आणि त्यांच्यापैकी एकाला मधल्या फळीत खेळवले. व्यवस्थापनातल्या एका गृहस्थांनी मैदानाच्या कडेला उभे राहून हा निर्णय मूर्खपणाचा असल्याचे मला मोठ्याने ऐकवले. पहिल्या अर्ध्यात आम्ही एका गोलने मागे होतो. दुसऱ्या अर्ध्यात आठवीतल्या पोराने बरोबरी केली, आणि विजयी गोल ज्या क्रॉसवर झाला तो त्याच डाव्या बचावपटूने आत वळून उजव्या पायाने मारला होता. अंतिम सामन्याला सर परत आले आणि मी माझ्या जागी बसलो. आम्ही हरलो. पुढच्या वर्षी संस्थेने मुख्य प्रशिक्षकपद मला देऊ केले, तेव्हा मी नकार दिला.

त्या दिवसापासून माझे दाजी प्रत्येक सणाला, पंगत बसली की, मला ‘वाढलेले ताट लाथाडणारा’ म्हणतात. मी नकार का दिला, ते त्यांना पटलेले नाही. मुख्य प्रशिक्षकाला पालकांच्या बैठका, देणगीदारांचे हारतुरे, निवड याद्यांवरचे रुसवेफुगवे आणि दाखल्यांच्या फायली सांभाळाव्या लागतात, आणि या सगळ्यात भिंतीसमोरचा तो अर्धा तास सर्वांत आधी बळी पडतो. मला तो अर्धा तास हवा होता. दाजींच्या मते हा कचखाऊपणा. माझ्या मते पाटीवरचे नाव आणि प्रत्यक्ष काम यांत त्यांना फरकच कळत नाही.

मर्फी यांच्याबाबतही मी हेच मानतो. ब्राझील, युव्हेंटस आणि आर्सेनल यांच्याकडून त्यांना विचारणा झाल्याचे सांगितले जाते. 1958 च्या उन्हाळ्यानंतर हा माणूस कुठेही गेला असता. बझ्बी बरे होऊन परतले, तेव्हा मर्फी पुन्हा सरावाच्या मैदानावर गेले, आणि 1965 व 1967 ची लीग विजेतेपदे व 1968 चा युरोपीय चषक यांपर्यंत, पुढे 1971 पर्यंत, त्याच कामात राहिले. पत्रकारांसमोर उभे राहण्यापेक्षा पोरांच्या घोळक्यात त्यांना बरे वाटे. जॉन टोशॅक यांच्यासारखे दुसऱ्या घडणीचे वेल्श प्रशिक्षकही आहेत. त्यांनी स्वान्झीला चौथ्या श्रेणीतून 1981 मध्ये पहिल्या श्रेणीत नेले आणि पुढे रेआल माद्रिदला 1990 चे स्पॅनिश लीग विजेतेपद मिळवून दिले. त्यांची भूक वेगळी होती आणि तीही खरीच होती. पण टोशॅक यांच्या मापाने मर्फींना मोजू नये.

काही गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवायला हव्यात. म्युनिकनंतरच्या लीग सामन्यांत युनायटेडने एकच सामना जिंकला आणि संघ नवव्या स्थानावर राहिला, त्यामुळे मर्फी मुख्य पदावर राहिले असते तर चमत्कार झालेच असते असे कोणी समजू नये. बझ्बींसारखा वरिष्ठ सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मर्फींच्या हाती युवा संघ पूर्णपणे सोपवला होता, म्हणून त्यांचे दुय्यम पद इतके मोठे झाले. शिवाय किंमतही मोजावी लागते. 1989 मध्ये ते वारले आणि ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांचा पुतळा उभा राहिला तो 2023 मध्ये. आजकाल तर मुख्य प्रशिक्षकाला काढले की बऱ्याचदा सहायकही त्याच दिवशी घरी जातो. माझ्याकडे घरचे दुकान होते, म्हणून नकार परवडला, हेही खरे.

तुमच्यापुरते सांगायचे तर प्रशिक्षकाचा परवाना पुढच्या श्रेणीचा घेत राहा, कारण उद्या मन बदलले तर कागद हाताशी हवा. अकादमीला एकच गोष्ट लेखी विचारा: कोणत्या वयोगटाचा सराव पूर्णपणे तुमच्या हाती असेल. उत्तरात एखाद्या वयोगटाचे नाव आले तर जागा घ्या. ‘सरांना मदत करायची’ एवढेच आले तर घेऊ नका, मग पगार कितीही असो. आणि नातेवाइकांना विचारून निर्णय घेणार असाल, तर निदान ज्याने पहाटेचा एकही सराव पाहिलेला नाही अशा माणसाला तरी विचारू नका. दाजी हे संकेतस्थळ वाचतात, याची मला कल्पना आहे.