वाचकांचे प्रश्न: ताण सोसणाऱ्या मधमाशीच्या पेशीत काय घडते?

प्रश्न: उष्णतेची लाट, कीटकनाशके आणि रोग यांमुळे मधमाश्यांवर ताण येतो, असे नेहमी वाचनात येते. हा ताण त्यांच्या शरीरात कोणत्या स्वरूपात प्रकट होतो आणि तो सोसण्याची काही व्यवस्था पेशींकडे असते का?

उत्तर: व्यवस्था असते आणि एकेका संकटापुरती ती चांगली चालते. अडचण येते ती अनेक संकटे एकाच वेळी आल्यावर, कारण सर्व बचावयंत्रणांना ऊर्जा आणि प्रथिने यांच्या एकाच साठ्यावर भागवावे लागते.

प्रथम उष्णतेचा विचार करू. पोळ्यात अळ्या व कोष जेथे वाढतात तेथील तापमान कामकरी माश्या पंखांनी वारा घालून आणि आणलेल्या पाण्याचे बाष्पीभवन करून 34 ते 35 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. बाहेर उडणाऱ्या माशीला मात्र हे छत्र नसते. तापमान मर्यादेपलीकडे गेले की पेशीतील प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात आणि ती एकमेकांना चिकटून निकामी होतात. अशा प्रथिनांना सावरून पुन्हा योग्य घडीत आणण्याचे काम ‘हीट शॉक प्रथिने’ करतात. एरवी ही प्रथिने एका नियामक प्रथिनाला धरून ठेवतात. बिघडलेली प्रथिने वाढली की हीट शॉक प्रथिने त्यांच्यामागे लागतात, नियामक मोकळा होतो, त्याचे तीन रेणू एकत्र येऊन डीएनएवरील ठरावीक जागी बसतात आणि काही मिनिटांतच नव्या हीट शॉक प्रथिनांची निर्मिती वेगाने सुरू होते. पुरेशी प्रथिने तयार झाली की तीच नियामकाला पुन्हा जखडतात. संकटाची सूचना आणि ते टळल्याची सूचना या दोन्हींसाठी एकच यंत्रणा वापरणारी ही रचना मला पेशीविज्ञानातील अत्यंत सुंदर रचनांपैकी एक वाटते. जपानमधील स्थानिक मधमाश्या आक्रमक गांधीलमाशीला घेरून, स्नायूंच्या थरथरीने सुमारे 46 अंशांपर्यंत उष्णता निर्माण करून तिला मारतात आणि स्वतः तगतात, यावरून प्रौढ माशीची उष्णता सोसण्याची क्षमता लक्षात येते. राणीमाशीने पोटात साठवलेले शुक्राणू मात्र इतके सहनशील नसतात. तापमान सुमारे 38 अंशांच्या पुढे गेले की त्यांची जीवनक्षमता घटू लागते.

विषारी द्रव्यांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. युरोपीय मधमाशीचा जनुकसंच 2006 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्याकडे पी-450 गटातील विकरांची केवळ 46 जनुके आढळली. फळमाशीत ती 80 हून अधिक आणि मलेरियावाहक डासात 100 हून अधिक आहेत. ही विकरे परकीय रसायनांचे रूपांतर करून ती शरीराबाहेर टाकण्यायोग्य करतात. मात्र केवळ संख्येवरून मधमाशीला प्रत्येक विषापुढे दुबळी मानणे चुकीचे ठरेल. सीवायपी-9-क्यू-3 हे तिचे एक विकर थायाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे विघटन सहज करते, परंतु त्याच निओनिकोटिनॉइड गटातील इमिडाक्लोप्रिडचे फारच कमी करते. म्हणूनच या दोन द्रव्यांच्या मधमाशीवरील विषारीपणात हजार पटींहून अधिक अंतर आहे. आहाराचा संबंधही येथेच येतो. परागकणांत आणि मधात आढळणारे पॅरा-कुमॅरिक आम्ल पी-450 जनुकांना आणि काही रोगप्रतिकारक जनुकांना जागे करते, हे 2013 मध्ये दाखवले गेले. साखरेच्या पाकात हे आम्ल नसते. म्हणून केवळ पाकावर जगवलेल्या वसाहतीला ऊर्जा मिळाली तरी ही चालना मिळत नाही.

आता या संकटांची गाठ कशी पडते ते पाहा. माशीच्या पोटातील मेद-ऊतक हे पोषणाचा साठा, विषनिवारण आणि प्रतिकार या तिन्हींचे केंद्र असून जिवाणूंना मारणारी लहान प्रथिने प्रामुख्याने तेथेच तयार होतात. व्हरोआ हा परजीवी माइट प्रौढ माशीवर असताना मुख्यतः याच ऊतकावर पोसला जातो, हे 2019 मध्ये स्पष्ट झाले, आणि त्याच दंशातून तो पंख विकृत करणाऱ्या विषाणूचा प्रसार करतो. क्लोथियानिडिन हे निओनिकोटिनॉइड प्रतिकारशक्तीच्या संदेशवहनात अडथळा आणते आणि त्यामुळे हाच विषाणू फोफावतो, असेही 2013 च्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे ज्या मात्रेने माशी मरत नाही, तीही निर्धोक असतेच असे नाही. वसाहत दुबळी होण्याचे एकमेव कारण शोधण्याचा आग्रह मला यामुळेच अपुरा वाटतो.

प्रश्न: उन्हाळ्यातील कामकरी माशी काही आठवडेच जगते आणि थंड प्रदेशातील हिवाळी माशी कित्येक महिने. जनुके तीच असताना हा फरक का?

उत्तर: फरक जनुकांच्या वापरात आहे. व्हायटेलोजेनिन हे मेद-ऊतकात तयार होणारे प्रथिन अन्नाचा साठा तर असतेच, शिवाय ऑक्सिडीकरणाने होणारी हानीही रोखते. हे प्रथिन आणि ज्युवेनाइल हार्मोन हे संप्रेरक एकमेकांना दाबून ठेवतात. माशी पोळ्याबाहेरच्या कामाला लागते तेव्हा संप्रेरक वाढते, व्हायटेलोजेनिन घटते आणि आयुष्य झपाट्याने सरते; हिवाळी माशीत संप्रेरक कमी आणि व्हायटेलोजेनिन भरपूर असते. रोगामुळे किंवा उपासमारीमुळे वयस्क माश्या घटल्या की कोवळ्या माश्या अकाली बाहेर पडतात, आणि त्यांची फेऱ्या मारण्याची क्षमताही कमी असल्याने वसाहतीची घसरण अधिकच वेग घेते.

प्रश्न: माशीची तपासणी करून तिच्यावर कोणता ताण होता हे ओळखता येईल का?

उत्तर: एखाद्याच जनुकावरून नाही. हीट शॉक प्रथिने उष्णतेप्रमाणेच इतर प्रकारच्या ताणांतही वाढू शकतात. अनेक जनुके आणि प्रथिने यांची पातळी एकत्र मोजून विशिष्ट ताणाची खूण ओळखण्याचे प्रयत्न सुरू आहेत. तुलनेसाठी त्याच वयाच्या आणि तेच काम करणाऱ्या निरोगी माश्या हव्यात, कारण पिल्लांना भरवणारी माशी आणि मकरंद आणणारी माशी यांच्या जनुकांची सक्रियता ताण नसतानाही बरीच वेगळी असते.