वारा आणि उजेड जाणवतील अशी जागा कशी बांधतात?

तुम्ही विचारलंय, वारा, उजेड, त्यांची हालचाल या न दिसणाऱ्या गोष्टी खोलीत जाणवाव्यात म्हणून नेमकं करतात काय? मी आर्किटेक्ट नाही. कोल्हापुरात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. माझं म्हणणं एवढंच, आधी अडवायला शिका.

उजेड वाटेत दिसत नाही, कशावर तरी आपटला की दिसतो. चारी बाजूंनी काच लावलीत तर खोली लख्ख होईल, पण सकाळ आहे की दुपार ते कळायचं नाही. अंधाऱ्या माजघरात कौलांमध्ये एकच काच बसवा. सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर असलेला कवडसा दुपारी खाली जमिनीवर आलेला असतो. माझी आजी तो जात्याच्या कडेला टेकला की भाताला आधण ठेवायची. घड्याळ होतं घरात, पण तिचा त्यावर भरवसा नव्हता.

याचंच थोरलं रूप म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. देऊळ पश्चिमाभिमुख. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत जातात. वर्षातून दोनदा, कारण २१-२२ डिसेंबरपासून, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसापासून, दोन्ही तारखा जवळपास सारख्याच लांब आहेत आणि सूर्य त्याच जागी मावळतो. आतले दिवे घालवतात. सूर्य खाली जातो तसा किरण उंबरा ओलांडून मूर्तीच्या पायांवरून वर चढायला लागतो. लोक मूर्तीकडे बघतात, मी उंबऱ्याकडे बघतो. दगडावरून उजेड सरकताना दिसतो, म्हणजे खरं तर पृथ्वी फिरताना दिसते. ढग आले किंवा हवा धुरकट असली तर मात्र सगळं फिसकटतं.

जमलं तर कोल्हापूर जिल्ह्यातच खिद्रापूरला कोपेश्वर मंदिरही बघा. स्वर्गमंडपाचं छत मध्ये गोल उघडं आहे आणि बरोबर खाली गोल शिळा. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र जवळपास त्या भोकावर येतो. त्या दिवसांत सूर्य जितका दक्षिणेला, पौर्णिमेचा चंद्र साधारण तितकाच उत्तरेला, आणि आपलं कोल्हापूरही विषुववृत्ताच्या उत्तरेला तेवढ्याच अंशांवर. म्हणून चंद्र जवळपास थेट डोक्यावर येतो.

वाऱ्याचं मी स्वतःच्या घरात चुकून शिकलो. मंगळवार पेठेत आमचं चौकाचं घर, म्हणजे मधोमध उघडं अंगण असलेलं. चौक तापला की तिथली हवा वर निघून जायची आणि बोळातली गार हवा पुढच्या दारातून आत ओढली जायची. बोळ अरुंद आणि दिवसभर सावलीत, त्यामुळे वारं जोरात यायचं. खोली वाढवायच्या हौसेपायी मीच चौकावर स्लॅब टाकला. पहिल्या उन्हाळ्यात सोप्यात गुदमरायला लागलं. पण खरं कळलं ते दारावरच्या मण्यांच्या तोरणामुळे. ते दिवसभर किणकिणायचं, आता एकदम गप्प. वारं होतं तेव्हा त्या आवाजाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी जिन्याजवळ स्लॅबला तीन बाय तीन फुटांचं भोक पाडलं आणि वर लोखंडी जाळी टाकली. तोरण परत वाजतं. पावसाळ्यात खाली घमेलं ठेवावं लागतं, त्यावरून बायकोची बोलणी खातोय.